आधी वारा अडवा, मग फुलझाड लावा

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, रहिमतपूरकडे, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून पावसाची वाट पाहतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांच्या माथ्यावर, शेतकरी पाऊस थांबण्याची वाट पाहतो. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाबरोबर वारा येतो. तो किती जोराचा असतो हे सांगण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे पुरे. ज्या वाऱ्यावर वीज निर्माण होते, त्याच वाऱ्यात आपल्या शेतकऱ्याला बाग उभी करावयाची आहे.

बाग म्हणजे येथे मला शोभेच्या झाडांची बाग अभिप्रेत आहे. गेल्या काही वर्षांत डोंगरमाथ्यावरील गावांत पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे. महाबळेश्वर-पाचगणीस पूर्वीपासून लोक येत होतेच. २०१२ साली पश्चिम घाटाचा समावेश जागतिक वारसा स्थळांत झाला, त्यात कास पठारही आले आणि तेव्हापासून कास, बामणोली, ठोसेघर या बाजूसही ओघ वाढला. निवासाची सोय करणारा शेतकरी घरापुढे चार फुलझाडे लावू इच्छितो. दुसरा एखादा रोपवाटिका काढून रोपे विकू पाहतो. ही इच्छा योग्य आहे. परंतु ज्या रीतीने ती पुरी केली जात आहे, ती रीत मला योग्य वाटत नाही, आणि त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे हे विस्तारकार्य करणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे असे मी समजतो.

सध्याची रीत अशी की, सखल प्रदेशातील रोपवाटिकेत जावयाचे, जे झाड डोळ्यांत भरेल ते विकत घ्यावयाचे आणि ज्येष्ठात घरापुढे लावावयाचे. आषाढात वारा त्याची पाने फाडतो, श्रावणात मुळे कुजतात, आणि जे उरते ते चैत्र-वैशाखात पाण्यावाचून वाळते. पुढील वर्षी पुन्हा तीच खरेदी होते. यात पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे ‘आमच्या रानात फुलझाड होतच नाही’ अशी समजूत पक्की होते. ज्या डोंगरावर भाद्रपदात निसर्ग स्वतः फुलांची रास मांडतो, त्या डोंगरावरील माणसाने असे म्हणावे ही खेदाची गोष्ट होय.

बेटांवरील बागांचा धडा

वादळी वारा आणि सततची ओल या दोन्हींना तोंड देऊन दूरदेशची झाडे वाढविण्याचा प्रयत्न जगात इतरत्रही झाला आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडे, भर समुद्रात, सिली नावाची लहान बेटे आहेत. त्यांपैकी ट्रेस्को बेटावर ऑगस्टस स्मिथ या गृहस्थाने १८३४ नंतर बाग उभारली. बेट उघडे, वारा खारा. त्याने भोवती पाइन आणि सायप्रस जातींच्या उंच झाडांचा पट्टा उभा केला आणि त्याच्या आडोशाला दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या दूरच्या देशांची झाडे वाढविली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्रात शिरलेल्या एका उघड्या खडकाळ भूशिरावर, ऑसगुड मॅकेन्झी याने १८६२ पासून इनव्हर्यू येथील बाग उभारली. तेथे माती इतकी थोडी होती की, ती पाट्यांनी बाहेरून वाहून आणावी लागली. त्यानेही प्रथम आडोशाची झाडे लावली आणि ती उंच होईपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहिली. नाजूक झाडांना हात नंतर घातला.

या दोन्ही बागांची प्रसिद्धी त्यांतील नवलाच्या फुलांमुळे झाली. पण त्या उभ्या राहिल्या त्या कोणी पाहावयास न येणाऱ्या साध्या झाडांच्या भिंतीमुळे. १९९० च्या जानेवारीत ट्रेस्कोवर मोठे वादळ आले आणि आडोशाची जुनी झालेली बहुतेक झाडे उन्मळून पडली. भिंत पडताच आतील बाग उघडी पडली आणि सर्व पट्टा पुन्हा लावावा लागला. यातून दुसरा धडा मिळतो तो हा की, आडोसा एकाच जातीचा व एकाच वयाचा नसावा. जुनी झाडे उभी असतानाच त्यांच्या पायाशी नवी लावीत जावे.

मात्र तेथील झाडांची यादी जशीच्या तशी आपल्याकडे आणून चालणार नाही. त्या बेटांवर पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. आपला डोंगरमाथा चार महिने बेट असतो आणि पुढे उन्हाळ्यात तोच उघडा, तापलेला खडक होतो. पाण्यात उभे राहणारे आणि पुढे पाण्यावाचून तग धरणारे, असे दुहेरी बळ असलेले झाडच येथे टिकेल. म्हणून आपण त्यांची पद्धत घ्यावी, यादी आपली करावी.

वारा कसा अडवावा

वारा अडविण्यासाठी भक्कम भिंत बांधावी असे प्रथम मनात येते. ते बरोबर नाही. भरीव भिंतीवर आदळलेला वारा वरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरा करून खाली आपटतो. भिंतीच्या सावलीतले झाड त्यामुळे अधिकच झोडपले जाते. याउलट, ज्यातून निम्म्याच्या आतबाहेर वारा गाळून जाईल असे विरळ कुंपण वाऱ्याचा वेग मोडते. अशा जिवंत कुंपणाचा लाभ त्याच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत मिळतो. म्हणजे पाच मीटर उंचीचा पट्टा पन्नास मीटरपर्यंतची जमीन सांभाळतो. एखाद्या घरापुढील बागेस एवढे पुष्कळ झाले.

हे आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. सातारा-सांगलीकडील पानमळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, नागवेलीसारखी नाजूक वेल उघड्या रानात कोणी लावीत नाही. आत शेवरी-हादग्याची उभारणी आणि बाजूंनी आडोसा, असे घर तयार करूनच पानवेल लावली जाते. पानमळेकऱ्याची ही जाणीव फुलबागेत आणावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

माथ्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी शेवरीसारखे लवकर वाढणारे झाड बाहेरच्या रांगेत लावावे. त्याच्या आत कायमच्या रांगेत जांभूळ, हिरडा, अंजनी ही डोंगरचीच झाडे लावावीत; पाचगणीस चांगला रुळलेला सिल्व्हर ओक अधूनमधून घ्यावयास हरकत नाही. खालची पोकळी भरण्यास निरगुडी व कारवी चांगली. बांबू लावावयाचा तर बागेपासून दूर लावावा, कारण त्याची मुळे फुलझाडांचे अन्न ओढून घेतात. पट्टा आणि वाफे यांच्यामध्ये दोन ते तीन फूट खोलीचा चर खणून ठेवल्यास मुळांची आगळीक टळते व पावसाचे पाणीही निघून जाते. कुंपणात जाण्यायेण्याची वाट सरळ वाऱ्याच्या तोंडी ठेवू नये. ती तिरपी ठेवावी, नाही तर खिंडीतून जसा वारा दुप्पट जोराने सुटतो तसा तो त्या वाटेने आत शिरतो.

पट्टा कोठे लावावा हे ठरविण्यापूर्वी एक पावसाळा रानाचे निरीक्षण करावे. चारही कोपऱ्यांत काठ्या रोवून त्यांना कापडाच्या चिंध्या बांधाव्यात आणि आषाढ-श्रावणात त्या कोणत्या दिशेला व किती ताणल्या जातात हे पाहावे. याला खर्च काही नाही, पण यात जे समजते ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते, कारण प्रत्येक टेकाडाचा वारा वेगळा असतो.

पाणी कसे काढावे

वाऱ्याने झाड मोडते ते सर्वांना दिसते. पाण्याने झाड मरते ते मात्र जमिनीखाली मरते आणि पाने पिवळी पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. याबाबतीत रहिमतपूर परिसरातील आले पिकविणाऱ्या शेतकऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. पाणी साचले की आल्याचा कंद सडतो; कंदकुजीने उभे पीक बसते. म्हणूनच आमच्याकडे आले गादीवाफ्यावर घेण्याची रीत पडली. जेथे पाऊस कमी आहे तेथील शेतकरी जर पाणी काढून देण्याची एवढी काळजी घेतो, तर जेथे पावसाची झड दिवसेंदिवस थांबत नाही तेथे ती किती घ्यावयास हवी!

माथ्यावरची माती बहुधा पातळ असते व तिच्याखाली जांभा खडक असतो. खड्डा खणून त्यात झाड लावले की तो खड्डा म्हणजे पाण्याने भरलेले भांडे होते. म्हणून येथे खड्ड्यात नव्हे, वरंब्यावर लागवड करावी. एक मीटर रुंदीचे व निदान ३० सेंटिमीटर उंचीचे वाफे, तळाशी जांभ्याची खडी, वर शेणखत मिसळलेली माती आणि वाफ्यांमधील चर किंचित उताराचे, अशी रचना असावी. उतार फार दिल्यास माती वाहून जाते. तेव्हा तो बेताचाच असावा. बेणे व रोपे लावताना ट्रायकोडर्मायुक्त शेणखत द्यावे. पानांवर बुरशीचे ठिपके दिसू लागल्यास उघडीप पाहून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी हे प्रमाण आहे. नत्रखत एकदम देऊ नये. ते पावसाने धुपून तरी जाते, किंवा झाडाला कोवळी लुसलुशीत वाढ आणते, आणि अशी वाढ वाऱ्यापुढे सर्वांत आधी मोडते.

रोप निवडताना उंच रोपाचा मोह टाळावा. गुडघाभर रोप लवकर मूळ धरते. पुरुषभर उंचीचे रोप वाऱ्याने बुंध्यापाशी हलत राहते आणि त्याची नवी मुळे रोज तुटतात. आधाराची काठी बुटकी असावी व बांधणी सैल असावी, म्हणजे खोड थोडे हलून स्वतः बळकट होते.

कोणती झाडे लावावीत

झाड निवडण्यासाठी पहिले पुस्तक म्हणजे आपले पठारच होय. कासच्या पठारावर उंच झाड दिसत नाही. जमिनीलगत वाऱ्याचा वेग सर्वांत कमी असतो, म्हणून तेथील वनस्पती बुटक्या राहतात आणि एकमेकींना चिकटून वाढतात. टोपली कारवीचा गोल टोपलीसारखा आकार हा शोभेसाठी नाही, वाऱ्यासाठी आहे. दुसरी गोष्ट अशी की, तेथील पुष्कळशा वनस्पती कंदांच्या आहेत. पावसाळ्यात त्या उगवतात, फुलतात आणि कोरड्या दिवसांत पाने टाकून जमिनीखाली झोपी जातात. चार महिने बेट आणि पुढे खडक, या अडचणीवर निसर्गाने काढलेला तोडगा हाच आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे निवड सोपी होते. आल्या-हळदीच्या कुळातील झाडांना पहिला मान द्यावा. रानहळदीच्या कणसावरचा गुलाबी-जांभळा तुरा कोणत्याही परदेशी फुलाहून उणा नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरील चवर ही त्याच कुळातली. तिची पांढरट कणसे भर पावसात ताठ उभी असतात आणि ती सह्याद्रीच्या या भागाबाहेर सापडत नाही. पाहुण्याला दाखविण्यासारखे नवल यापेक्षा कोणते असणार? सोनटक्का ओलीत उत्तम येतो. मात्र तो ओढ्याकाठी मोकळा सोडू नये, कारण तो पसरतो. कळलावीची वेल पानांच्या टोकांनी कुंपण धरून चढते व तिची फुले ज्वाळेसारखी दिसतात. पण तिचा कंद विषारी असल्यामुळे लहान मुले व गुरे यांच्यापासून ती दूर ठेवणे आवश्यक आहे.

बाहेरून आलेल्या झाडांपैकी हायड्रेंजिया माथ्यावर चांगले येते. त्याचे वैशिष्ट्य असे की, आम्लधर्मी जमिनीत त्याचे फूल निळे होते आणि चुन्याच्या जमिनीत गुलाबी. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळून झाडाला मिळते, त्यामुळे हा निळा रंग येतो. रहिमतपूरकडील चुनखडीच्या काळ्या जमिनीत जे निळे फूल मिळविण्यास खटाटोप करावा लागेल, ते जांभ्याच्या लाल मातीत आपोआप येते. त्याला अर्धी सावली व उन्हाळ्यात पाणी मात्र हवे. पाण्याची सोय असेल तेथे आडोशाला डेलिया व हेलिकोनियाही घेता येतील. हेलिकोनियाची रुंद पाने केळीच्या पानांसारखी फाटतात, म्हणून त्याची जागा आडोशाच्या अगदी जवळ असावी. किनाऱ्यावरील बांधवांसाठी केवडा व उंडी हे खाऱ्या वाऱ्याचे जुने सोबती आहेत. त्यांना प्रथम उभे करून मग आतील झाडांचा विचार करावा.

लागवडीचा काळही वेगवेगळा असावा. कंद वळवाच्या पावसावर, आल्याप्रमाणे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावावेत, म्हणजे मोठ्या पावसापूर्वी त्यांना मूळ फुटते. आडोशाची झाडे मृगात लावावीत. झुडपांची तयार रोपे मात्र वारा उतरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, पाण्याची सोय पाहूनच लावावीत.

दोन गोष्टी करू नयेत

पहिली गोष्ट, रानातून झाड उपटून आणू नये. चवर, आमरी, कंदीलपुष्प यांची नावे ऐकून कोणी कुदळ घेऊन पठारावर जाईल, तर या लेखाने उपकाराऐवजी अपकार केला असे होईल. राखीव वनातून वनस्पती काढून आणणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार काय सांगतो? पठारावर बोटभर माती आहे. एक कंद उपटला की तेथे पुन्हा कंद होण्यास किती वर्षे लागतील याची गणती नाही. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नाचा साठा नसतो, ठराविक बुरशीची संगत मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. म्हणून उपटलेली आमरी ही बहुधा कायमची गेलेली आमरी असते. जी फुले पाहावयास पाहुणा येतो तीच उपटून त्याला विकणे म्हणजे दुभती गाय कापून एक दिवसाचे मांस खाणे होय. आपल्या मालकीच्या रानातील झाडाचे बी धरावे, त्यापासून रोपे करावीत. आमरी घ्यावयाची तर प्रयोगशाळेत वाढविलेली घ्यावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जातींचे जतन व संवर्धन झाले आहे. दुर्मिळ वनस्पती वाढवून वाचविता येते, हे त्यावरून दिसते.

दुसरी गोष्ट, आक्रमक झाड आणू नये. घाणेरी आज डोंगर खाऊन बसली आहे. ती या देशात शोभेचे झाड म्हणूनच आली. पंचगंगेसारख्या नद्यांवर पसरणारी जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठीच हौसेने आणली गेली. जे झाड लावताच सर्व बाजूंनी फोफावते, ज्याचे बी पक्षी खातात आणि ज्याला गुरे तोंड लावीत नाहीत, त्या झाडाविषयी शंका धरावी. पठाराजवळच्या बागेत अशी चूक झाली तर तिची किंमत एकटा बागवाला भरीत नाही. सारा डोंगर भरतो.

हौस की धंदा

‘पोटाला नाचणी-भात पुरत नाही, तेथे फुलझाडे कशाला?’ असा प्रश्न काही वडीलधारे शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे बरे नाही. माझे उत्तर असे की, भाताच्या खाचरात एकही फुलझाड लावू नये. घरापुढील जागा, बांध, आडोशालगतची एखाद-दुसऱ्या गुंठ्याची पट्टी, एवढ्यावरच आरंभ करावा. कर्ज काढून माथ्यावर प्लास्टिकचे हरितगृह उभारण्यापूर्वी त्या जागेचा आषाढातला वारा प्रत्यक्ष पाहावा. वाऱ्याने उडविलेल्या छपराचे हप्ते फिटेपर्यंत भरावेच लागतात.

विक्रीसाठी काय निवडावे यालाही महत्त्व आहे. भर पावसात ओले फूल घाटातून पुण्या-मुंबईच्या बाजारात पोहोचविणे कठीण; ते वाटेतच डागाळते. परंतु झोपी गेलेला कंद कोरड्या दिवसांत काढून, वाळूत ठेवून, पोत्यातून कोठेही पाठविता येतो. पिशवीतील तयार रोपे दाराशी आलेल्या पाहुण्यास विकता येतात. आल्याचे बेणे निवडणे, साठविणे व बेणेप्रक्रिया करणे ही विद्या आमच्या रहिमतपूर भागात घरोघर आहे. ती माथ्यावरील बांधवांना उपयोगी पडेल आणि त्यांच्या अनुभवातून आम्हांसही शिकावयास मिळेल. गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी अशा भेटी घडवून आणाव्यात. महिला बचत गटांना हे काम विशेष जमण्यासारखे आहे, कारण त्यात अंगमेहनतीपेक्षा रोजची निगराणी अधिक लागते.

यंदा एकही रोप विकत घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. या पावसाळ्यात चिंध्या बांधून वारा पाहावा, पाणी कोठे साचते तेथे खुणेची खुंटी रोवावी, शेवरीची एक रांग लावावी आणि आपल्याच बांधावरच्या रानहळदीचे चार कंद वरंब्यावर लावून ठेवावेत. पुढील अक्षय्य तृतीयेस जागा स्वतः सांगेल की तिला काय हवे आहे. ज्यांना आराखडा करून हवा असेल त्यांनी आपल्या मंडळाच्या कृषी कार्यालयात जमिनीचा नमुना व रानाचा साधा नकाशा घेऊन यावे.